आतल्या बाजूची झीज

आत्याचं छोटंसं ऑपरेशन होतं. आत नेण्याआधी अंगावरचं सगळं उतरवून द्यायचं, धातूचं काहीही नको, अशी ताकीद होती. कानातलं निघालं, बांगड्या साबणाचा हात लावून निघाल्या, गळ्यातली साखळी मी मागून सोडवली. उरली ती उजव्या हातातली अंगठी. बोटाचा सांधा वयाने जाड झालेला, त्यात सलाइनने हात सुजलेला, त्यामुळे ती जागची हलेना. आता कापावीच लागणार म्हणून मी घाबरले. सिस्टर मात्र शांत होत्या. त्यांनी दोऱ्याचं रीळ काढलं, चिमट्याने दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून अलगद मागे सरकवलं आणि उरलेला दोरा अंगठीच्या पुढून सांध्यावर, वेढ्याला वेढा लावून, घट्ट गुंडाळत नेला. बोट दोऱ्याखाली आवळून बारीक झालं. मग मागचं टोक धरून त्या दोरा उलगडायला लागल्या, तशी अंगठी एकेका वेढ्यासरशी केसभर पुढे सरकत गेली. सांध्यावर क्षणभर अडली आणि सुटली. “झालं बघा आजी,” म्हणत त्यांनी ती माझ्या तळव्यावर ठेवली. आत्या अंगठीकडे बघतच नव्हती. ती बोटाकडे बघत होती. अंगठीच्या जागी फिकट, गुळगुळीत, किंचित खोलगट असा पट्टा उमटला होता. तिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं. ती म्हणाली, “हे बोट माझं वाटत नाही गं.”

ती आत गेल्यावर अंगठी बराच वेळ माझ्या मुठीत होती. गरम होती. वरची नक्षी बोथट झालेली, पण खरी झीज आतून होती. तळहाताकडची बाजू वरच्या बाजूपेक्षा कितीतरी पातळ झाली होती, पत्र्यासारखी, आणि तिची कड हाताला लागतच नव्हती. इतक्या वर्षांत बोटाने सोनं झिजवलं होतं आणि सोन्याने बोटात स्वतःपुरती जागा करून घेतली होती. आत्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, पण तिचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. अंगठी हरवल्याचं दुःख वेगळं असतं, ते मला माहीत आहे. हे तसं नव्हतं. अंगठी समोर होती, सुरक्षित होती, आणि तरीही परकं वाटत होतं ते बोट. शरीराबाहेरची एक वस्तू आपल्या शरीराची ओळख इतकी कशी काय घेते? आणि माणसाने हे पहिल्यांदा कधी होऊ दिलं असेल?

मी वाचत सुटले.

आणि वाचताना कळलं की पुरातत्त्वज्ञही दागिना ओळखायला आधी ही झीजच शोधतात. दक्षिण आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्लॉम्बोस नावाची गुहा आहे. तिथे क्रिस्तोफर हेन्शिलवूड यांच्या पथकाला ७५,००० वर्षांपूर्वीच्या थरांत इवल्या गोगलगायींचे शंख मिळाले. २००४ साली त्यांनी अशा ४१ शंखांची माहिती जाहीर केली. एकेक शंख नखाएवढा, सेंटिमीटरभर. ही गोगलगाय नदीच्या मुखाशी राहते आणि अशी नदीमुखं गुहेपासून वीसेक किलोमीटर लांब. आतला जीव एवढासा की खाण्यासाठी कुणी तो इतक्या लांबून आणणार नाही. प्रत्येक शंखाला जवळजवळ एकाच जागी भोक. तसंच भोक पाडून पाहिलं गेलं तेव्हा लक्षात आलं, की शंखाच्या तोंडातून टोकदार हत्यार आत घालून आतून बाहेर टोचलं तर ते जमतं. पण खरा पुरावा भोकाच्या कडेला होता. भोकाची कड आणि शंखाचा ओठ ठरावीक ठिकाणी घासून सपाट झाला होता, जिथे दोरा येतो आणि शेजारचा शंख टेकतो तिथेच. काहींच्या आत गेरूचा तांबडा अंश होता. अंगाला गेरू फासलेला असेल, दोऱ्याला लागलेला असेल. ही झीज एका दिवसाची नव्हे. कुणीतरी ती माळ रोज घातली, घालून चाललं, वाकलं, झोपलं, घामेजलं, तेव्हा कुठे शंखाच्या कडेवर एवढी खूण उमटली. मला त्या गुहेतल्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणता येत नाही, पण त्याच्या गळ्याची हालचाल आणता येते.

पुढच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, आणि मला तीच सगळ्यांत मोलाची वाटते. ब्लॉम्बोसच्या खालच्या, म्हणजे जुन्या थरांतल्या शंखांची झीज सांगते की ते दोऱ्यावर मोकळे लोंबत होते. वरच्या थरांत झिजेच्या जागा बदलतात, कारण तिथे शंख दोन-दोन करून गाठीत बांधलेले होते. शंख तेच, गुहा तीच, ओवण्याची तऱ्हा मात्र बदललेली. कुणीतरी म्हणालं असणार की आता असं घालू या. आणि बाकीच्यांना ते पटलं असणार. पाऊण लाख वर्षांपूर्वी माणसांना ‘आपली पद्धत’ होती आणि ती बदलताही येत होती, हे एका भोकाची कड कुठे घासलीय यावरून कळतं.

ब्लॉम्बोस हे सर्वांत जुनं ठिकाण नव्हे. इस्राएलमधल्या स्खूल गुहेच्या उत्खननात १९३० च्या दशकात निघालेलं साहित्य लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये होतं. त्यातले भोक असलेले दोन शंख २००६ साली मणी म्हणून ओळखले गेले, वय लाख वर्षांहून जास्त. सत्तर वर्षं ते तिथेच होते, नीट पाहणारं कुणी भेटलं नव्हतं. मोरोक्कोतल्या एसाविराजवळच्या बिझमून गुहेतल्या ३३ शंखांची माहिती २०२१ साली आली. त्यांचं वय १,४२,००० ते १,५०,००० वर्षं. शेती नाही, चाक नाही, मडकं नाही, लिपी तर नाहीच नाही, आणि माळ आहे.

माळ म्हटली की आपण मण्यांकडे बघतो. मला मात्र तो दोरा दिसू लागला. मणी लाख वर्षं टिकतो, दोरा काही वर्षांत मातीत जातो, म्हणून इतिहासात सगळं श्रेय मण्याला मिळालं. इस्राएलमधलीच दोन ठिकाणं शेजारी ठेवून पाहिली तर गंमत कळते. मिस्लिया गुहेत किमान १,६०,००० वर्षांपूर्वीचे लोक समुद्रावरून शिंपले आणत होते, पण अखंड. नंतरच्या काळातल्या काफझे गुहेत लोकांनी शिंपले आणले ते वेचून वेचून, शेंड्याला आपोआप भोक पडलेलेच. त्या भोकांच्या कडेला दोऱ्याने घासल्याच्या खुणा आहेत. या दोन्हींच्या मधल्या काळात कधीतरी कुणीतरी तंतू पिळून दोरा केला असणार, असं अभ्यासक म्हणतात. प्रत्यक्ष दोरा मिळणं किती दुर्मीळ, तर फ्रान्समधल्या आब्री द्यू मारास इथे एका दगडी हत्याराला चिकटलेला, जेमतेम सहा मिलिमीटरचा, तीन पदरी पीळ सापडला. तो निअँडरथलाच्या, म्हणजे आता नामशेष झालेल्या आपल्या भाऊबंद मानवजातीच्या हातचा, निदान चाळीस हजार वर्षांपूर्वीचा. आणि बलुचिस्तानातल्या मेहरगढला, नवाश्मयुगातल्या एका दफनात, मृताच्या मनगटावर तांब्याच्या मण्यांचं कडं होतं. त्यातल्या एका मण्याच्या आत कापसाचे तंतू शिल्लक होते. तांब्याचे क्षार त्यांच्यात मुरले आणि सूत जवळजवळ दगड होऊन राहिलं. इसवी सनापूर्वी सहाव्या सहस्रकातलं ते सूत. कापसाचा इतका जुना धागा जगाला माहीत झाला तो कपड्यातून नाही, मनगटावरच्या मण्याच्या पोटातून. ज्याने तो मणी ओवला त्याने सूत मध्ये बसावं म्हणून टोक ओलं करून पिळलं असेल का, असं मला सारखं वाटतं. मीही सुईत दोरा घालताना तेच करते.

हे सगळं ‘नटण्याची हौस’ या दोन शब्दांत गुंडाळलं जातं त्याचा मला मनापासून राग येतो. हौस असतेच, आणि तिला कमी लेखायचं कारण नाही. चकचकीत शंख हातात आला की तो कानाशी धरून पाहावासा वाटणं ही काही हलकी गोष्ट नव्हे. पण केवळ हौसेसाठी वीस किलोमीटरवरून शंख आणून, एकाच जागी भोक पाडून, सगळ्यांनी एकाच पद्धतीने कुणी ओवत नाही. स्टीव्हन कून आणि मेरी स्टायनर या अभ्यासकांनी याबद्दल मांडलेला विचार मला फार पटतो. घरच्या माणसाला तुमच्याबद्दल सांगायला दागिना लागत नाही, त्याला सगळं ठाऊक असतं. अगदी परक्या, दूरच्या माणसाला तो वाचताच येत नाही. दागिना बोलतो तो मधल्या माणसाशी. जो तुम्हाला ओळखत नाही, पण तुमची खूण ओळखतो. टेकडीवरून कुणीतरी येताना दिसतंय, चेहरा अनोळखी आहे, पण गळ्यात आपल्यासारखी माळ आहे. मुठीतला दगड खाली ठेवायला तेवढं पुरे. माणसांचे कळप मोठे होऊ लागले, ओळखीपलीकडची पण नात्यातली माणसं वाढली, तेव्हा दागिन्याची गरज पडली. त्याआधी गळा मोकळा चालत होता.

शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी याचीच साक्ष देतात. आफ्रिकेतल्या ३१ ठिकाणांवरचे १,५०० हून जास्त मणी मोजून २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शंख समुद्राने घडवून दिलेला असतो, हा मणी मात्र माणसानेच घडवायचा. कवच फोडायचं, तुकड्याला भोक पाडायचं, मग कड घासत घासत गोल करायची. म्हणजे आकार किती, भोक केवढं, हे सगळं करणाऱ्याच्या मनातलं. आणि ५०,००० ते ३३,००० वर्षांपूर्वीच्या काळात पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतले, ३,००० किलोमीटर अंतरावरचे मणी जवळजवळ सारखे आहेत. पुढे हवामान बदललं, दोन्हीकडचा संबंध तुटला आणि मणीही वेगवेगळे होत गेले. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातल्या जुहोआन्सी लोकांमध्ये मानववंशशास्त्रज्ञ पॉली वीस्नर यांनी १९७० च्या दशकात पाहिलं ते याच परंपरेतलं. तिथे माणसं लांबच्या वस्तीतल्या एखाद्याला मण्यांचं काम भेट देतात. परतफेड लगेच करायची नसते, लगेच केली तर नातं संपल्यासारखं होतं. काही महिन्यांनी, वर्षाने, तिकडून काहीतरी येतं. आणि इकडे पाऊस पडला नाही, शिकार मिळेना, की त्या माणसाकडे जाऊन राहता येतं. पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर पहिल्या महायुद्धाच्या काळात मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने पाहिलं, की तांबड्या शिंपल्यांच्या माळा बेटाबेटांतून एका दिशेने फिरतात आणि पांढरी शंखाची कडी उलट दिशेने. मोठ्या माळेला नाव असतं, ती कुणाकुणाकडे राहून आली याची गोष्ट असते. ती कुणाच्याच मालकीची होत नाही. काही काळ ठेवायची, मिरवायची, पुढे द्यायची. वादळी समुद्रात होडी घालायला हे कारण त्यांना पुरेसं होतं.

मग आत्याच्या बोटाचं काय? हे सगळं तर दुसऱ्याला दिसण्यासाठी आहे, आणि तिची अंगठी आता कुणाच्या नजरेतही येत नव्हती.

दागिन्याला दुसरं तोंडही आहे, अंगाकडे वळलेलं. क्रोएशियातल्या क्रापिना इथे निअँडरथलांच्या वस्तीत पांढऱ्या शेपटीच्या गरुडाच्या आठ नख्या सापडल्या होत्या, सुमारे १,३०,००० वर्षांपूर्वीच्या. उत्खनन विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, त्या नख्यांवरचे हत्याराचे ओरखडे आणि घासून आलेला गुळगुळीतपणा याकडे लक्ष गेलं ते शंभर वर्षांनी, २०१५ च्या अभ्यासात. त्या एकत्र ओवून अंगावर घातलेल्या असाव्यात असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. गरुडाला पकडणं सोपं नाही. त्याची नखी गळ्याशी टोचत राहावी असं ज्याला वाटलं, त्याला त्या पक्ष्यातलं काहीतरी हवं होतं. त्याची झेप म्हणा, नजर म्हणा. इजिप्तमधल्या गेरझे इथल्या इसवी सनापूर्वी ३२०० च्या आसपासच्या दफनांत लोखंडाचे नऊ मणी मिळाले. लोखंड गाळायची कला तेव्हा तिथे नव्हती. ते लोखंड आकाशातून पडलेलं, उल्केचं. कुणीतरी ते ठोकून ठोकून पातळ पत्रा केला, पत्र्याची सुरळी केली आणि सोन्याच्या आणि खड्यांच्या मण्यांत ओवली. इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या छातीवरच्या एका पदकात पिवळसर पारदर्शक भुंगेरा आहे, तो रत्नाचा नसून सहाराच्या वाळवंटात निसर्गतः झालेल्या काचेचा आहे. जे दुर्मीळ, जे कुठून आलं ते कळत नाही, ते अंगाला लावून ठेवायचं. भीतीवरचा उपाय म्हणून. भीती हा शब्द मी मुद्दाम वापरते. दागिन्यांबद्दल बोलताना तो आपण टाळतो, पण नवजात बाळाच्या मनगटाला काहीतरी बांधणारे हात सगळीकडे थरथरतच बांधत असणार.

मला आणखी एक दिसतं, ते माझंच निरीक्षण आहे. दागिना बसतो कुठे? गळा, मनगट, दंड, कंबर, घोटा, बोट. जिथे शरीर निमुळतं होतं तिथे. एक कारण साधं आहे, तिथून तो गळून पडत नाही. पण मनगटावर, गळ्यावर, घोट्याच्या मागे बोट ठेवून बघा, नाडी तिथेच लागते. रक्त त्वचेच्या अगदी जवळून वाहतं तिथे आपण धातू बांधतो. तो अंगाच्या उबेने काही क्षणांत गरम होतो आणि मग त्याचं असणं जाणवेनासं होतं. काढल्यावरच जाणवतं.

सुंगीरबद्दल लिहायचं मी पुढे पुढे ढकलत आले, कारण ते वाचून मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. मॉस्कोच्या पूर्वेला, व्लादिमिर शहराजवळ हे ठिकाण आहे. सुमारे चौतीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, तिथे एका प्रौढ पुरुषाला पुरलं. त्याच्या अंगावर मॅमथच्या, म्हणजे हिमयुगातल्या केसाळ हत्तीच्या, दाताचे कोरलेले सुमारे तीन हजार मणी. आणि दुसऱ्या खड्ड्यात दोन मुलं, डोक्याला डोकं लावून, एका रेषेत निजवलेली. एक दहाच्या आसपासचं, एक बाराच्या. लाल गेरूने सगळं माखलेलं. त्यांच्या अंगावर मिळून दहा हजारांवर मणी, शिवाय कोल्ह्यांच्या सुळ्यांचा पट्टा, शेजारी सरळ केलेल्या मॅमथच्या दाताचे लांबलचक भाले. दोघांपैकी एकाच्या मांड्यांची हाडं जन्मापासूनच आखूड आणि वाकडी. मुलांच्या अंगावरचे मणी त्या पुरुषाच्या मण्यांहून लहान, साधारण दोन तृतीयांश आकाराचे. म्हणजे मोठ्यांचे उरलेले मणी मुलांना घातलेले नाहीत, ते मुलांसाठीच, मुलांच्या मापाने कोरले. असा एक मणी तसल्याच हत्यारांनी करून पाहिला तेव्हा तासाभराच्या आसपास वेळ गेला. दहा हजार मणी म्हणजे दहा हजार तास. बर्फात, अपुऱ्या उजेडात, शिकार आणि सरपण सांभाळून.

मूल गेल्यावर इतके मणी कोरत बसणं शक्य नाही. ते आधीपासून होत आले असणार, थोडे थोडे, बऱ्याच हातांनी. काही अभ्यासक म्हणतात की एवढ्या लहान वयात एवढी संपत्ती म्हणजे ती जन्माने मिळालेली, म्हणजे तेव्हाही कुणी वरचे, कुणी खालचे होते. असेलही. त्याच जागी काही जण जवळपास काहीच न घेता पुरलेले आहेत, हे मलाही खटकतं. पण चालणंही जड जाईल अशा पायांच्या मुलाला त्यांनी वाढवलं, दहा वर्षं खाऊ घातलं, त्याच्या मापाचे मणी केले, आणि मग ते सगळं त्याच्याबरोबर मातीत जाऊ दिलं. काढून घेतलं नाही. एकही मणी दुसऱ्या मुलासाठी मागे ठेवला नाही, असं त्या ढिगाकडे पाहून वाटतं. मी आत्याची अंगठी मुठीत धरून बसले होते तेव्हा तिच्याशिवाय ती अंगठी काय आहे, हा विचार माझ्या मनात आला होता आणि मी तो झटकला होता. सुंगीरच्या लोकांनी तो झटकला नसावा.

सोनं या कथेत फार उशिरा येतं. बल्गेरियातल्या वार्ना इथे १९७२ साली एका कारखान्यासाठी चर खणताना जे दफनस्थळ उघडं पडलं, ते इसवी सनापूर्वी ४६०० ते ४२०० या काळातलं, घडवलेल्या सोन्याचा जगातला सर्वांत जुना मोठा साठा. तीन हजारांहून जास्त वस्तू, वजन सहा किलोच्या आसपास, आणि त्यातलं दीड किलो एकाच पुरुषाच्या थडग्यात. इथून दागिन्याचा अर्थ बदलतो हे खरं. कोण कितीचा, हे आता वजनात सांगता येऊ लागलं. तरी वार्नातली जी वस्तू माझ्या मनात राहिली ती शिंपल्याचं एक पांढरं कडं आहे. ते तुटलं होतं, आणि तुटलेली जागा सोन्याचा पत्रा लावून सांधली होती. सोन्याचं नवं कडं करता आलं असतं की! पण ज्याचं होतं त्याला तेच जुनं शिंपल्याचं हवं होतं, आणि सोनं त्याला चिकटपट्टीसारखं वापरायला चाललं. काही थडग्यांत तर माणूसच नाही. मातीचा मुखवटा ठेवून त्याला सोन्याचे दागिने घातले आहेत. लांब कुठेतरी गेलेल्या, परत न आलेल्या माणसाचं दागिन्यांनीच क्रियाकर्म झालं असेल का?

हडप्पा संस्कृतीत याच्या उलट दिसतं. लाल अकीकाचे बोटभर लांबीचे मणी, कठीण दगडाच्या सामत्याने दिवसचे दिवस भोक पाडत केलेले. तसे मणी पार मेसोपोटेमियापर्यंत जात होते. कराचीजवळच्या अल्लाहदिनो इथे अशा ३६ लांब मण्यांचा एक कंबरपट्टा मिळाला, भांड्यात जपून ठेवलेला. पण दफनांमध्ये असं काही जवळजवळ नाही. काही बायकांच्या हातात शंखाच्या साध्या बांगड्या, थोडे मणी, बस्स. मौल्यवान ते मागच्यांसाठी राहिलं, लेकींकडे गेलं, सुनांकडे गेलं. सुंगीरने सगळं पुरलं आणि हडप्पाने सगळं मागे ठेवलं. यातलं मायेचं कोणतं हे मला ठरवता येत नाही.

आणि जिथे दागिना नुसता भयंकर वाटतो अशीही जागा आहे. इराकमधल्या ऊर इथे लिओनार्ड वूली यांनी १९२० च्या दशकात राजघराण्याची दफनं उकरली, साधारण इसवी सनापूर्वी २५०० ची. राणी पूआबीच्या डोक्यावर सोन्याच्या पानांचा मुकुट, अफगाणिस्तानच्या बदक्शानातून आलेला निळा लाजवर्द, लाल अकीक. एका मोठ्या खड्ड्यात ७४ माणसं, त्यातल्या ६८ बायका, बहुतेक नटूनथटून, केसांना सोन्याच्या नाहीतर चांदीच्या फिती. त्यातल्या एकीच्या केसांत फीत नव्हती. ती चांदीची फीत गुंडाळी केलेली तिच्या कमरेपाशी सापडली, वस्त्राच्या घडीत ठेवलेली असावी. तिला तयार व्हायला उशीर झाला असेल, असं वूलींनी लिहिलं. गुंडाळी सुटलेली नव्हती म्हणून ती फीत बाकीच्यांच्या फितींपेक्षा चांगली टिकली. ही माणसं स्वखुशीने विष पिऊन निजली असं वूली मानत. पुढे त्यातल्या दोन कवट्या सीटी स्कॅनखाली तपासल्या तेव्हा डोक्यात टोकदार हत्याराने घाव घातल्याच्या खुणा दिसल्या. म्हणजे त्या झगमगाटाने कोणाचं तरी मरण सजवलं होतं. रोममध्ये पळून गेलेल्या गुलामांच्या गळ्यात लोखंडी कडं घालत, त्यावर कोरलेलं असे की मी पळालोय, मला धरा आणि मालकाकडे परत न्या. गळा तोच, कडं तसंच. खूण सांगणारी वस्तू आपणहून घातलेली आहे की दुसऱ्याने ठोकलेली, एवढाच फरक, आणि तो फरक सगळ्या आयुष्याएवढा. १८१३ साली प्रशियात नेपोलियनविरुद्धच्या लढ्यासाठी बायकांनी सोन्याचे दागिने दिले आणि बदल्यात लोखंडाचे घेतले, त्यांवर ‘सोनं दिलं, लोखंड घेतलं’ अशा अर्थाची अक्षरं असत. त्या काळात सोनं अंगावर असणं लाजिरवाणं आणि लोखंड असणं मानाचं झालं. गुलामाच्या गळ्यातलं आणि या बायकांच्या बोटातलं लोखंड धातू म्हणून एकच होतं.

म्हणून संग्रहालयांबद्दल माझं एक मागणं आहे. दागिने काळ्या मखमलीवर, वरून प्रकाश सोडून, दर्शनी बाजू आपल्याकडे करून मांडलेले असतात. पाटीवर धातू, काळ, ठिकाण, कधी वजन. कुठे झिजलाय, भोक कोणत्या बाजूला ओढलं गेलंय, मोडून जोडलाय का, दोन मणी मागाहून वेगळ्याच हाताने ओवलेले आहेत का, हे कुठेच नाही. जुन्या उत्खननांत मणी मुठीने गोळा केले गेले आणि नंतर कुणीतरी दिसायला बरे म्हणून लहान-मोठे लावून ओवले. मूळ क्रम गेला तो गेला. ऊरला वूली दंपतीने मात्र मातीतच वितळलेलं मेण ओतून, मणी जिथल्या तिथे धरून ठेवून ते उचलले, म्हणून पूआबीचा साज तिच्या लोकांनी घातला त्याच्या जवळपास तरी आज दिसतो. ते केवढं किचकट काम होतं! तेवढं सगळीकडे आता होणार नाही, पण निदान प्रत्येक पेटीच्या तळाशी एक आरसा ठेवता येईल, आणि आतली कड मोठी करून दाखवणारं एक छायाचित्र शेजारी लावता येईल. ज्याला पाहायचंय तो खाली वाकून पाहील. लहान मुलांना तर वाकावंही लागणार नाही, त्यांची नजर आधी तिथेच जाईल आणि हे इथे खड्डा का पडलाय, असं ती विचारतील. त्याचं उत्तर पाटीवर लिहिलेलं हवं.